एकशे अठ्ठावीस टक्क्यांचा दमा

माझं पोट लोकांवर ओरडून भरतं. घाटकोपर पश्चिमेला, फरसाणाच्या दुकानाच्या वर, छातीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मी फुंकायची तपासणी करते. पेशंटच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि तो फुंकायला लागला की त्याच्या कानाशी ओरडायचं, "फुंका, फुंका, फुंका! अजून! सोडू नका, सोडू नका!" छातीतली सगळी हवा बाहेर काढायची तर माणसाला आधी लाज सोडावी लागते, आणि ती सोडवायला माझा आवाज लागतो. खालचा फरसाणवाला म्हणतो, बाई, तुमच्या आवाजाने माझी गिऱ्हाइकं दचकतात. मी म्हणते, तुझ्या तळणीच्या धुराने माझी गिऱ्हाइकं वाढतात.

इतकी वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. माणूस छाती घेऊन येतो, पण त्याला कोणता कागद हवा आहे हेही तो घरूनच ठरवून येतो. बदली टाळायची असेल तर आजारी ठरायला येतो, नोकरी लागायची असेल तर ठणठणीत ठरायला येतो. आजारी ठरायला आलेले मुद्दाम अर्धवट फुंकतात. त्यांना पकडणं सोपं आहे. मी प्रत्येकाला तीनदा फुंकायला लावते आणि दर वेळी पडद्यावर एक रेघ उमटते. खरोखर आजारी असलेल्याची रेघ बुटकी असते, पण तिन्ही वेळा तेवढीच बुटकी. सोंग करणाऱ्याची एकदा इथे, एकदा तिथे. खोटं तीनदा सारखं फुंकता येत नाही. हे वाक्य माझं स्वतःचं आहे, येणाऱ्या प्रत्येकाला मी ते ऐकवायचे आणि मला त्याचा भारी अभिमान होता. त्याच वाक्याने गेल्या वर्षी मला तोंडावर पाडलं.

दिवाळी संपली की आमच्याकडे पाय ठेवायला जागा नसते. फटाक्यांच्या धुराने निम्म्या घाटकोपरचा घसा धरलेला असतो. अशाच एका सोमवारी, बाहेरची सगळी बाकं भरलेली असताना, तेवीस-चोवीस वर्षांची एक मुलगी आली. चारकोपची होती. दंडावर बाहीची रेषा अशी की वर गोरी आणि खाली रापलेली, मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा. काय होतंय म्हणून विचारलं तर म्हणाली, "मला दमा आहे, काकू. त्याचा पुरावा हवाय."

पुरावा हा शब्द ऐकला आणि माझे कान टवकारले.

तिने सगळं नीट सांगितलं, ते मी तेव्हा अर्ध्या कानाने ऐकलं. ती पगारी सायकलपटू होती. एका संघाकडून शर्यतींत उतरायची, हीच तिची नोकरी. या खेळात बंदी असलेल्या औषधांची यादी असते. दम्याचे साधे पंप नेमून दिलेल्या मात्रेत चालतात, पण त्यांनी तिचं भागत नव्हतं. ज्या पंपाने भागायचं, त्यातलं औषध नेमकं यादीत. आजार कागदोपत्री सिद्ध केला तर ते घ्यायची परवानगी मिळते. परवानगी नाही म्हणून तिने दोन महिन्यांपासून तो पंप बंद ठेवला होता. पुढे थंडीत घाटातली मोठी शर्यत होती, आणि संघाच्या मॅनेजरने सांगून ठेवलं होतं की नावं पाठवायच्या तारखेपर्यंत कागद नाही आला, तर तुझ्या जागी दुसरी मुलगी घेऊ आणि पुढच्या वर्षीचा करारही विसर.

मी ऐकतानाच तापले होते. परदेशातले मोठमोठे सायकलवाले असेच आजाराचे कागद घेऊन औषधं घेतात, असं मी पेपरात वाचलं होतं. तेव्हाही माझं डोकं फिरलं होतं. माझ्याकडे रोज खरे दमेकरी येतात. एक जिना चढले की पाच मिनिटं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि या लोकांनी डोंगर चढायचे आणि वर दमा सांगायचा!

मी तिला चिमटा लावला. आमच्या यंत्रात वय आणि उंची घातली की त्या वयाच्या, त्या उंचीच्या बाईने किती फुंकायला हवं ते यंत्र सांगतं. त्याला शंभर टक्के धरायचं. मी ओरडायला तोंड उघडलं, तोवर तिचं फुंकून झालं होतं. एकशे अठ्ठावीस. दुसऱ्यांदा एकशे अठ्ठावीस. तिसऱ्यांदाही तेच.

खोलीचं दार उघडं होतं. तरीही मी आवाज खाली आणला नाही. खरं सांगायचं तर दार उघडं होतं म्हणूनच आणला नाही.

"एकशे अठ्ठावीस! अगं, बाहेर बसलेल्या सगळ्यांची मिळून एवढी हवा निघायची नाही. आणि तुला दमा? ही आजारी माणसं बसलीयेत ना, त्यांच्या तोंडावर हा खोटेपणा? धडधाकट पोरीने आजाराचा कागद मागत फिरायला लाज वाटायला हवी."

बाहेरच्या बाकांवरची माणसं वळून तिच्याकडे बघायला लागली. डॉक्टरांच्या टेबलावर रिपोर्टांचा गठ्ठा होता, त्यांनी आकडा बघून 'नॉर्मल'खाली सही केली. मुलीने कागदाची घडी घातली. दारात थांबून तिने शांतपणे विचारलं, "काकू, मी तिन्ही वेळा सारखंच फुंकलं ना?"

"हो. मग?"

"काही नाही," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी मी ओट्याशी बोंबील साफ करत होते. नवरा विचारत होता, आज कोणाला फाडून खाल्लंस? मी मोठ्या तोऱ्यात त्याला सगळी हकिकत सांगत होते. कशी आली, कशी पुरावा मागत होती, कसं मी तिला झापलं. सांगता सांगता एकशे अठ्ठावीसपाशी आले आणि हातातला बोंबील हातातच राहिला. आजारी ठरायला आलेली मुलगी जीव तोडून का फुंकेल? सोंगच करायचं होतं तर तिने अर्धवट फुंकलं असतं. मी गाढवासारखी तिला खोटी म्हणत होते, आणि माझ्याच मापाने बघितलं तर त्या दिवसभरात आलेल्या सगळ्या माणसांत तिच्याइतकं खरं कोणी फुंकलं नव्हतं.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"वाट लागली," मी म्हटलं. "माझी."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच मी डॉक्टरांसमोर तो रिपोर्ट ठेवला. डॉक्टर माझ्यापेक्षा वयाने लहान, पण त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. त्यांनी आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शंभर हा चारचौघांचा आकडा आहे. हिचा स्वतःचा शंभर कुठे आहे, ते आपण विचारलंच नाही. शिवाय हा दमा बसून फुंकल्यावर दिसायचा नाही. असल्या लोकांच्या श्वासनळ्या जोर लावल्यावर आवळतात. हिला आधी दमवायला हवं होतं." आणि मग, "चूक माझीही आहे. सही मी केली."

सही त्यांची होती, पण आवाज माझा होता. फॉर्मवरचा नंबर मीच फिरवला. फोन वडिलांनी उचलला. मी दवाखान्याचं नाव सांगितलं तशी पलीकडून थंडगार मालवणी आली.

"माझ्या चेडवाक चार माणसांत खोट्यात काढलात. आता कित्याक फोन केलात?"

माझं माहेर कुडाळकडचं, चेडू म्हणजे लेक हे मला कोणी सांगायला नको होतं. ती बोली ऐकली की मला आपोआप बापाचा आवाज ऐकू येतो.

"चुकलंय मी," मी म्हटलं. "तेका परत घेऊन येवा. सायकल पण आणा."

माणसाने आयुष्यात किती वेळा चुकलं म्हणायला हवं ते मला माहीत नाही. माझी तोवर ती पहिलीच वेळ होती, असं नवरा म्हणतो.

रविवारी दवाखाना बंद असताना बापलेक आले. वडील सायकल खांद्यावर टाकून जिना चढले. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये ते लेथवर काम करतात. मागचं चाक अडकवून सायकल जागच्या जागी चालवता यावी म्हणून त्यांनी तिथेच लोखंडी स्टँड वेल्ड करून आणला होता. तो पुढच्या खोलीत मांडला. वडिलांनी मुलीला वारा लागावा म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, पंखा पाचवर केला. माझ्याशी मात्र एक शब्द बोलले नाहीत.

आधी फुंकलं, एकशे अठ्ठावीस. मग तिने आठ मिनिटं पॅडल मारलं. काय मारलं! फरशीवर घामाचं तळं झालं. थांबल्यावर पाचव्या मिनिटाला फुंकलं, दहाव्या मिनिटाला फुंकलं, पंधराव्या मिनिटाला फुंकलं. आकडा जागचा हलला नाही.

तिघांच्याही माना खाली गेल्या. कागदासाठी तिचा आकडा तिच्या स्वतःच्या आकड्याच्या निदान दहाव्या हिश्शाने पडायला हवा होता, आणि नावं पाठवायच्या तारखेला फार दिवस उरले नव्हते. डॉक्टर मात्र खिडकीकडे बघत उभे होते. त्यांनी मुलीला विचारलं, "तुला हे नेमकं कुठे होतं?"

"घाटात. थंडीत. सकाळी सकाळी."

"मुंबईत?"

ती विचारात पडली. "मुंबईत नाही होत. म्हणून तर सगळ्यांना वाटतं, नाटक करते."

"इथली हवा ओली आहे," डॉक्टर म्हणाले. "कोरडी, गार हवा पाहिजे. खिडक्या लावा."

लगेच पुन्हा करून उपयोग नव्हता, चार तास थांबायला हवं होतं. डॉक्टरांनी आपल्या केबिनचा एसी अठरावर लावून दार बंद करून टाकलं. वडिलांनी पिशवीतून घावण्यांचा डबा काढला. मुलीने थोडंसंच खाल्लं. माझ्यापुढे डबा सरकवताना वडील पहिल्यांदा बोलले, "खावा. तुमकाय ओरडाचा आसा." मी तीन घावणे खाल्ले.

दुपारी सायकल केबिनमध्ये नेली. तोवर तिथे बर्फाच्या कारखान्यासारखा गारवा झाला होता. मी स्वेटर घालून उभी, ती बिनबाह्यांच्या कपड्यात पॅडल मारतेय. सहाव्या मिनिटाला तिच्या छातीतून बारीक शिट्टी ऐकू आली. ती शिट्टी मी रोज ऐकते, माझी चूक होणं शक्य नव्हतं. थांबल्यावर पाचव्या मिनिटाला मी तिच्या कानाशी ओरडले, "फुंक, फुंक, फुंक, सोडू नकोस!" एकशे तेरा. दहाव्या मिनिटाला शंभर. तीनदा फुंकवलं. शंभर, शंभर, शंभर.

समोर मुलगी खुर्चीच्या हातांना धरून श्वास ओढतेय, खांदे कानापर्यंत चढलेत, ओठ पांढरे पडलेत, आणि पडद्यावर यंत्र म्हणतंय, शंभर टक्के, नॉर्मल. चारचौघांच्या मापाने तेव्हाही ती ठणठणीत होती. तिच्या स्वतःच्या मापाने तिच्या छातीचा पाचवा हिस्सा बंद पडला होता, आणि या अवस्थेत ती घाट चढत आली होती.

"पडली!" मी किंचाळले. "डॉक्टर, रेघ पडली!"

एखाद्याचा दम कोंडला म्हणून आनंदाने नाचलेली बाई फरसाणवाल्याने तोवर पाहिली नसेल. तो खालून धावत वर आला. वडिलांचे डोळे भरून आले होते. डॉक्टरांनी अर्जात वेळेसकट नोंद करून तिला त्या बंदीच्या यादीतल्या पंपाची एक मात्रा दिली आणि आम्ही घड्याळ बघत बसलो. खांदे हळूहळू खाली आले. पुन्हा फुंकवलं. एकशे अठ्ठावीस.

इथे मला थांबवेना. वर्तमानपत्रातले ते परदेशी सायकलवाले माझ्या डोक्यातून गेले नव्हते. मी तिला म्हटलं, "अजून एकदा. आता तुझ्या अंगात औषध आहे. दाखव बघू त्याने तुला काय काय मिळतं ते." तिने फुंकलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले. एकशे अठ्ठावीस. एकशे एकोणतीस काही केल्या होईना. औषधाने ती आपल्या जागेवर परत आली होती, जागेच्या वर बोटभरही चढली नव्हती.

म्हणून सगळे कागद खरे असतात असं मी म्हणणार नाही. चष्मा लावून कोणी पेपर वाचला तर आपण हरकत घेत नाही. पण चष्मा लावून भिंतीपलीकडचं दिसायला लागलं, तर तो चष्मा कोणाच्या नाकावर आहे ते बघायलाच हवं. असे चष्मे मिळतात, आणि ते मागणारेही असतात. हे मला दोनच दिवसांत कळलं, कारण तिच्या मॅनेजरचा दवाखान्यात फोन आला. गोड आवाज. "रिपोर्ट झकास आलाय असं कळलं. आता डॉक्टर लिहितच आहेत तर स्टिरॉइडच्या गोळ्याही टाका ना त्यात. गरज पडली तर. कागद एकदाच करायचाय."

"पोरीला विचारलंत?" मी म्हटलं.

"तिला काय विचारायचं? ती नाहीच म्हणते यार, भोळी आहे."

पुढची दोन मिनिटं मी त्याच्याशी जे बोलले त्यासाठी फरसाणवाल्याने दुकानातला पंखा बंद करून कान दिला होता. शेवटचं वाक्य एवढंच होतं की जेवढं पडतं तेवढंच आम्ही उचलतो, आणि तुमचं काही पडत असेल तर येऊन फुंका. डॉक्टरांनी एकच औषध, मोजकी मात्रा आणि ठरावीक मुदत लिहून सगळ्या रेघा जोडल्या. तारखेच्या तीन दिवस आधी परवानगी आली. तिने मला फोन केला आणि नुसती हसत राहिली.

शर्यत रविवारी होती. मी तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून स्वयंपाकघरात बसले. चित्र अडकत अडकत येत होतं. घाट सुरू झाला तेव्हा पुढे सहा जणी होत्या, मग चार, मग दोन. डोंगरात धुकं होतं, शर्यतीचं वर्णन करणारा सांगत होता की हवा बोचरी आहे. हीच ती हवा. तिच्या तोंडातून वाफा निघत होत्या आणि मी तिचे खांदे बघत होते. मला बाकी काही बघायचंच नव्हतं. खांदे चढले की संपलं. शेवटच्या वळणावर दुसरी मुलगी सीटवरून उठली, हीही उठली. खांदे खालीच होते. मी उभी राहून ओरडायला लागले, "अजून! अजून! सोडू नकोस, सोडू नकोस!" शेजारीण घाबरून दार वाजवायला लागली. चित्र अडकलं. नवऱ्याने मोबाईल हलवला, जसं काही त्याने होणार होतं. चित्र सुटलं तेव्हा तिचे दोन्ही हात हवेत होते. मी शेजारणीला मिठी मारली. आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

मोबाईलवर त्या चित्राच्या खाली लोक लिहीतही होते. पंपवाली जिंकली. कागद असला की काय, कोणीही जिंकेल. चाचणीवाल्यांनी शर्यत संपताच तिचा नमुना घेतला होता, आणि औषधांच्या रकान्यात तिने त्या पंपाचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पण ते कोण वाचतंय?

सोमवारी ती दवाखान्यात आली. गळ्यात पदक नव्हतं, ते वडिलांच्या खिशात होतं आणि वडील जिन्यात प्रत्येकाला दाखवत वर येत होते. तिने खुर्ची ओढली, नाकाला चिमटा स्वतःच लावला आणि म्हणाली, "काकू, लोक म्हणतात माझी हवा वाढलीये. बघा तरी."

तीनदा फुंकलं. मी कागद काढला. मग कपाटातून पहिल्या दिवसाचा कागद काढला, ज्यावर 'नॉर्मल' लिहिलं होतं आणि मी तिला खोटी म्हटलं होतं. सायकल केबिनमध्ये नेली त्या रविवारचा, पंप घेतल्यानंतरचा कागद काढला. तिन्ही एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर उजेडात धरले. रेघ एकच दिसत होती.

खोलीचं दार मी मुद्दाम उघडलं. बाहेरची बाकं त्या दिवशीसारखीच भरली होती, काही चेहरेही तेच होते. ते कागद हातात धरून मी दारात उभी राहिले.

"या मुलीला मी याच जागी, तुमच्यासमोर खोटी म्हटलं होतं," मी म्हटलं. माझा आवाज कसा आहे ते मी आधीच सांगितलं आहे. तो खालपर्यंत गेला. "तिने औषधाशिवाय फुंकलं, औषध घेऊन फुंकलं, जिंकून आल्यावर फुंकलं. रेघ केसभर हललेली नाही. खोटी मी होते. ही मुलगी आजारी आहे आणि काल तिने घाट जिंकला."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या काकांनी टाळी वाजवली. ते जिना चढायला दहा मिनिटं घेतात. मग शेजारच्या बाईने वाजवली, मग सगळ्या बाकांनी. छातीचा दवाखाना तो, टाळ्या सुरू झाल्या तसा खोकलाही सुरू झाला, आणि खोकत, धापा टाकत, डोळे पुसत ती माणसं टाळ्या वाजवतच राहिली.